‘छान आहे’ म्हणणारा संपादक काय कामाचा?

या महिन्याच्या टपालात (येतात मेलच, पण तोंडातून टपालच निघतं) बहुतेकांचा सूर एक आहे. ऑनलाइन अंकासाठी लिहिलं, कुणा संपादकाला दाखवलं आणि मसुदा रंगीबेरंगी होऊन परत आला. आता काय करू? काहींची तक्रार याच्या उलट : दाखवायला कुणी मिळतच नाही. मी पूर्वी छापील मासिकात उपसंपादक होते, हल्ली वेबवरच्या अंकांचे मसुदे बघते. म्हणजे मी खोडणाऱ्यांच्या गोटातली, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. पत्रं लांब होती, ती आटोपशीर करून देतेय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : इचलकरंजीचे यंत्रमाग आणि माझी आई यांच्यावर मी लेख लिहून एका ऑनलाइन मासिकाकडे पाठवला. संपादकबाईंनी तो गूगल डॉकमध्ये परत केला. पहिलं पान जवळजवळ सगळं खोडलेलं आणि कडेला कमेंटची रांग! वर ‘लेख चांगला आहे’ असंही म्हणतात. चांगला आहे तर एवढं खोडलं कशाला? मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, जन्मभर मुलांचे निबंध तपासले. आता सगळं ‘ॲक्सेप्ट’ करून मोकळा होऊ की लेख मागे घेऊ?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सर, तुम्ही मसुदा कमेंटसकट जोडलात हे फार बरं केलंत. नाहीतर अशा पत्रांना हवेतच उत्तर द्यावं लागतं.

पहिलं म्हणजे ‘ॲक्सेप्ट ऑल’ला हात लावू नका. सजेशन मोडमध्ये जे खोडलेलं दिसतं ते खरं तर खोडलेलं नसतं. ‘असं केलं तर?’ एवढंच त्यात विचारलेलं असतं. मजकूर अजून तुमच्याच ताब्यात आहे. फाइलची एक प्रत काढून बाजूला ठेवा, म्हणजे धीर राहील, आणि मग खोडाखोडीकडे न बघता नुसत्या कमेंट वाचा. बहुतेक लेखक उलटं करतात. आधी रंग किती सांडलाय ते बघतात, मग रागावतात, आणि कमेंटपर्यंत पोचतात तेव्हा मन पार उठलेलं असतं.

तुमच्या मसुद्यातला निम्म्याहून जास्त रंग नुसत्या झाडलोटीचा आहे. मोबाइलच्या कीबोर्डने ‘साऱ्या गावात’चं ‘सार्या गावात’ करून ठेवलंय, पूर्णविरामाच्या आधी जागा सुटलीय, ‘यंत्रमाग’ कुठे जोडून तर कुठे तोडून आलाय. साहित्य महामंडळाचे 1962 सालचे शुद्धलेखनाचे 14 नियम आणि 1972 मध्ये त्यांत पडलेली 4 नियमांची भर, हे सगळं तुम्ही फळ्यावर शिकवलंय. त्यावर तुम्हाला मी काय सांगणार? या सूचना एका बैठकीत मान्य करून टाका. पान एकदम शांत दिसायला लागेल.

आता ते खोडलेलं पहिलं पान. लेख सुरू होतो ‘वस्त्रोद्योग हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा असून’ इथून. मग हातमाग, मग यंत्रमाग, मग ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’, मग विठ्ठलराव दातार. आई येते चौथ्या परिच्छेदात. बाईंनी आधीचं सगळं खोडून कडेला लिहिलंय, ‘आईपर्यंत लवकर पोचूया.’ मी त्यांच्या बाजूने आहे. एक करून बघा : त्या पहिल्या परिच्छेदात इचलकरंजीच्या जागी भिवंडी किंवा मालेगाव घाला. एकही शब्द अडत नाही. जो परिच्छेद कुठल्याही गावाला चालतो तो तुमच्या गावाचा कसा म्हणायचा? त्यातलं एकच वाक्य मात्र मी सहजासहजी जाऊ दिलं नसतं : 1904 साली दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, ते. तुमचे आजोबा हातमाग विकून दुसऱ्याच्या मागावर कामाला गेले असं तुम्ही पुढे लिहिलंय. तिथे ते वाक्य ठेवून बघा. तिथे त्याला काम आहे, वरती ते नुसतं सनावळीसारखं पडून होतं. बाईंनी ते खोडलं कारण ते चुकीच्या जागी होतं, हे त्यांना विचारलंत तर त्याही कबूल करतील.

खरी गंमत पुढे आहे. तुमचा मूळ परिच्छेद वाचकांसाठी इथे देते :

‘आमच्या घरातील वातावरण अत्यंत कष्टमय होते. आई अहोरात्र कष्ट करून आमचे पालनपोषण करत असे. तिच्या कष्टांना सीमा नव्हती. ती कांड्या भरत असे. मागांच्या आवाजामुळे तिला कमी ऐकू येऊ लागले होते, त्यामुळे आम्ही घरात मोठ्याने बोलत असू. पाहुण्यांना वाटे, आमचे भांडण चालू आहे.’

बाईंनी पहिली तीन वाक्यं खोडली. कमेंट : ‘कष्ट तीन ओळींत तीनदा आले, पण दिसले एकदाही नाहीत. शेवटची दोन वाक्यं मात्र विसरता येणार नाहीत.’ आणि ‘कांड्या भरत असे’ला दुसरी कमेंट : ‘म्हणजे नक्की काय करायच्या? कुठे बसून?’

यावर तुम्ही वैतागलात. वैतागून कमेंटखाली उत्तर लिहिलंत. तेही इथे उतरवते, कारण सगळ्या फाइलमध्ये त्याच्याइतकं चांगलं मला काही सापडलं नाही :

‘कांडी म्हणजे आडव्या सुताची नळी, ती धोट्यात बसते. कांडी संपली की माग थांबतो, म्हणून भरलेल्या कांड्यांची टोपली मागापाशी तयार लागते. आई कारखान्याच्या मागच्या पडवीत कांडी मशीनवर बसे. सुताचे तंतू तिच्या भुवयांवर बसत. घरी आली की आधी दारात पदर झटकी, भुवया पुसे, मग चुलीकडे जाई. मला लहानपणी वाटे की सगळ्यांच्या आया संध्याकाळी पांढऱ्या होतात.’

सर, हे लेखात का नाही? हे कमेंटखाली काय करतंय? लेख लिहिताना तुम्ही मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून भाषण करत होतात. बाईंनी एक भाबडा वाटणारा प्रश्न विचारला आणि तुम्ही एका माणसाला समजावून सांगायला लागलात. संपादकाचा अर्धा उपयोग एवढ्यासाठीच असतो. त्यांना कांडी ठाऊक नव्हती असं समजू नका. ठाऊक असूनही विचारलं असेल, मीही विचारते.

आणि ही सवय तुमची एकट्याची नाही. कमेंटमधल्या प्रश्नाला कमेंटमध्येच उत्तर द्यायचं, ‘रिझॉल्व्ह’ दाबायचं, आणि लेख होता तसा. त्या उत्तराने संपादकाचं समाधान होतं, पण वाचकाला ते कुठे दिसणार? म्हणून नियम करून टाका : प्रश्नाचं उत्तर आधी लेखात लिहायचं, कमेंटमध्ये फक्त ‘घातलं’ एवढंच.

तसाच तो ‘पिक’चा घोळ. ‘52 पिकाचा दर वाढला त्या आठवड्यात वडिलांनी मला घड्याळ घेतले’ या वाक्यावर बाईंची कमेंट आहे, ‘शेती कधीपासून?’ मी मोठ्याने हसले. इचलकरंजीत जन्मलेल्याला कळणारही नाही की बाहेरचा माणूस इथे ऊस-ज्वारी बघतोय आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक धरतोय. तुम्ही खाली उलगडून सांगितलंय : इंचभर कापडात आडवे धागे किती ते पिक, पिक जास्त तर कापड घट्ट, पण तेवढ्याच वेळात माग मीटर कमी काढतो, म्हणून मीटरचा दर पिकावर ठरतो. इतकं स्वच्छ मी कुठे वाचलं नव्हतं. व्याख्या म्हणून घालू नका मात्र. वडील खर्चीवाल्या मालकाशी दरावरून घासाघीस करतात असा प्रसंग पुढे आहेच, तिथे त्यांच्या बोलण्यात आपोआप येईल. ‘खर्चीवाला’ म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा, हेही तिथेच उरकेल.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या बाजूची आहे. बाईंनी ‘बोलत असू’चं ‘बोलायचो’ केलंय, ‘करत असे’चं ‘करायची’. ही आवड झाली. तुमचा सगळा लेख ‘असे-असू’च्या चालीवर आहे, आणि त्या चालीत तुमचं वय आणि तुमची शाळा ऐकू येते. ती ठेवा. फक्त गुपचूप ‘रिजेक्ट’ दाबू नका. एका ओळीत कारण लिहा. नाही म्हटलेलं संपादकाला चालतं. न सांगता परतवलेलं चालत नाही, कारण दुसऱ्या वाचनात ती तीच खूण पुन्हा करते आणि दोघांचाही वेळ जातो.

चांगला आहे तर एवढं खोडलं का, याचं उत्तर सोपं आहे. ज्या लेखाचं काही होणार नाही असं वाटतं त्याला आम्ही दोन ओळींचं गोड पत्र पाठवतो. ‘आपल्या लेखनास शुभेच्छा’वालं. तुमच्यावर त्या बाईंची एक अख्खी संध्याकाळ गेलेली दिसतेय. मागे घेऊ नका.

प्रश्न : मी प्रवासावर लिहिते. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं की अंगठे, फुलं आणि ‘अप्रतिम!’ एका ऑनलाइन अंकाने मात्र दोनदा नाकारलं, कारण सांगितलं नाही. पैसे देऊन संपादक मिळतात असं ऐकलं. शोधायचा कसा? आणि त्याला नेमकं मागायचं काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मागायचं काय ते आधी ठरवा, शोधणं त्यानंतर. ‘जरा नजर टाकाल का’ ही विनंती माझ्याकडे सतत येते आणि तिला काय करावं ते मला कधीच कळत नाही. नजर टाकली, पुढे?

या धंद्यात वेगवेगळी कामं आहेत आणि ती करणारे लोकही सहसा वेगळे असतात. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेले शब्द, विरामचिन्हं बघतो. भाषेवरून हात फिरवणारा वाक्यं सरळ करतो. आणि संपादक हे विचारतो की हा लेख कशाबद्दल आहे, आणि तो इथून का सुरू होतो. पहिल्या कामाचे पैसे देऊन तिसऱ्याची अपेक्षा ठेवली की रुसवेफुगवे होतात. तुमचा लेख अंकाने नाकारलाय म्हणजे तुम्हाला तिसरं हवंय. शुद्धलेखनासाठी कुणी लेख नाकारत नाही, ते आम्ही करून घेतो.

तुम्ही हंपीवरचा लेख जोडलाय, तो धरून सांगते. संपादकाला असं लिहा : ‘हंपीवरचा लेख आहे, शुद्धलेखन सध्या बघू नका. मला एवढंच हवंय : वाचताना लक्ष कुठे उडालं तिथे खूण करा, विठ्ठल मंदिर आणि दगडी रथाच्या भागात मी गाइडसारखी बोलतेय का ते सांगा, आणि तुंगभद्रेतल्या गोल होडीचा शेवट ठेवू का काढू?’ असं पत्र आलं की काम करायला हुरूप येतो. (उत्तर मीच देऊन टाकते : हो, गाइडसारखं झालंय. होडी ठेवा. होडीवाल्याने पुराची खूण दाखवली ते मात्र आत्ता अर्ध्या ओळीत उरकलंय, तिथे थांबा.)

‘लक्ष कुठे उडालं’ हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. पण माणसाकडून मिळण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. उपाय नको, नुसती जागा दाखवा म्हणावं. उपाय संपादकाचा चुकू शकतो. लक्ष उडालं ते मात्र उडालंच, त्यात चूक-बरोबर काही नाही.

पैशाचं म्हणाल तर दर शब्दावर, पानावर किंवा अख्ख्या लेखावर असतो. किती वेळा बघणार, एकदा की दुरुस्तीनंतर पुन्हा, हे आधी लिहून घ्या. भांडणं होतात ती इथेच. आणि पूर्ण काम देण्याआधी दोन पानं नमुन्याला द्या, त्याचे वेगळे पैसे द्या. ती पानं परत आल्यावर मोठ्याने वाचा. वाक्यं सुंदर झाली आहेत पण ती तुमची वाटत नाहीत, असं झालं तर नमस्कार करून निघा. आपली भाषा लेखकाच्या अंगावर चढवणारे संपादक असतात, आणि गंमत म्हणजे तेच जास्त कष्टाळू असतात.

मराठीत याची एक थोर परंपरा आहे. ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी कथेवर किती बारकाईने चर्चा करत, पुन्हा लिहायला लावत, हे आमच्या पिढीने पुराणातल्या गोष्टींसारखं ऐकलंय. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद झालं. त्यानंतर मराठीत संपादक उरलेच नाहीत असा उसासा टाकायची एक पद्धत आहे. मला ती फारशी पटत नाही. आहेत, पण कामाच्या रगाड्यात आहेत, आणि वेबवरचे बरेच अंक हौसेवर चालतात. दोनदा नाकारलं आणि कारण दिलं नाही, त्यामागे एवढंच असू शकतं.

तोवर फुकटचा एक उपाय. ग्रुपवरच्या ‘अप्रतिम’वाल्या मैत्रिणींपैकी जी सगळ्यात कमी बोलते तिला आठवड्याने फोन करा. लेख समोर घेऊ नको म्हणावं, आणि विचारा, ‘त्यातलं तुला काय काय आठवतंय गं?’ ती जे सांगेल ते लेखात टिकलं. जे सांगणार नाही त्यावर पुन्हा काम करा. आणि ती म्हणाली, ‘हंपीवरच होता ना?’, तर मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : माझ्या कथेतली म्हातारी वऱ्हाडी बोलते. पुण्याच्या संपादकांनी तिचं ‘मले काहून सांगून राहिला बापू?’ बदलून ‘मला का सांगतोयस बाळा?’ करून टाकलं. म्हणतात, प्रमाणभाषेचे नियम पाळावे लागतात. खरंच लागतात का?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : लागतात, पण नियम काय म्हणतात ते त्या संपादकांनी नीट वाचलेलं दिसत नाही. महामंडळाच्या त्याच नियमांत पात्रांच्या तोंडच्या भाषेला वेगळी वागणूक दिली आहे. ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी बोलण्यातली रूपं पात्राच्या तोंडी आली तर अनुस्वार देऊन लिहा, एरवी ‘असे केले’ लिहा, असं ते सांगतात. म्हणजे माणूस बोलतो तसं लिहायची मुभा नियमांनाही मान्य आहे. हे उत्तरात सभ्यपणे कळवा.

आणि ‘बापू’चं ‘बाळा’ केलं ते तर अगदीच वाईट. तुमच्या कथेत ती म्हातारी हा शब्द मुलाला वापरत नाही, कर्ज वसूल करायला आलेल्या तरुण अधिकाऱ्याला वापरते. त्यात लाड आहे, टोमणा आहे आणि ‘तू माझ्या नातवाएवढा’ ही आठवणही आहे. ‘बाळा’ म्हटल्यावर ती शहरातली आत्या झाली.

आता तुम्हाला एक टोचणी. मीही तुमची कथा वाचताना थबकले, पण वऱ्हाडीमुळे नाही. म्हातारी पहिल्या पानावर ‘मले’ म्हणते, तिसऱ्यावर ‘मला’, मध्येच ‘तुले’ आणि नंतर ‘तुला’. संपादकांना वाटलं असणार की लेखकाचंच काही ठरलेलं नाही, आणि ज्याचं ठरलेलं नाही त्याचं आम्ही ठरवून टाकतो. कागदावर तिच्या तोंडची रूपं एकदा लिहून काढा : मले, तुले, काहून, माहं, तुहं, सांगून राहिला. शहरातला माणूस समोर आला की ती मुद्दाम ‘मला’ म्हणते असं असेल तर तेही लिहा. हा कागद मसुद्यासोबत पाठवा आणि वर टाका, ‘संवादांतली रूपं यादीप्रमाणे ठेवावीत, यादीबाहेर काही दिसलं तर ती माझी चूक, जरूर दुरुस्त करा.’ असा कागद आला की संपादक हात आखडतात आणि जिथे खरंच चुकलंय तिथेच बोलतात.

निवेदनातलं वऱ्हाडी हा वेगळा प्रश्न. तुमचं निवेदन प्रमाणभाषेत आहे, त्यामुळे त्यात आज शिरत नाही.

प्रश्न : ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एआयला मसुदा दिला की अर्ध्या मिनिटात सूचना मिळतात, शुद्धलेखनही होतं. मग माणसाची वाट बघत महिना कशाला घालवायचा?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई म्हणालास, म्हणून तू म्हणते. झाडलोटीला वापर की, कोण नको म्हणतंय? माझ्याकडे येण्याआधी ‘पाणि’चं ‘पाणी’ झालेलं असलं तर माझंच काम वाचतं.

पण तू पाठवलेल्या लेखात आजोबा दुसऱ्या परिच्छेदात ‘ते’ आहेत आणि पाचव्यात ‘तो’ झालेत. ‘त्यांच्या’वरचा अनुस्वार गळून ‘त्याच्या’ झालाय. दोन्ही शब्द शुद्धच, त्यामुळे शुद्धलेखन तपासलं तरी ते निसटलं. मी थांबले, कारण पाचव्या परिच्छेदात आजोबा दारू पिऊन येतात. मला वाटलं, इथे नातवाच्या मनातून आजोबा उतरले आणि लेखकाने ते एका अनुस्वारात केलं, वा! मग सहाव्यात पुन्हा ‘ते’. म्हणजे चूकच होती. पण तसं मुद्दाम करायचं का, याचा विचार कर. मला तरी करावंसं वाटतं.

दुसरं म्हणजे, मला कंटाळा येतो. तुझ्या लेखात बाजाराचं वर्णन वाचताना मी मध्येच उठून कुकर बंद करून आले आणि परत वाचायला बसायला वेळ लावला. यंत्राला कुकर नसतो. ते सगळं सारख्याच उत्साहाने वाचतं, आणि तू तिसऱ्यांदा विचारलंस तर तिसऱ्यांदा नव्या सूचना देतं. तुझा लेख वाचणारी माणसं मात्र बसमध्ये असतील, जेवताना असतील, दुसऱ्या कुणाचा तरी मेसेज येण्याची वाट बघत असतील. त्यांच्यातल्या एकाने कुठे फोन खाली ठेवला हे कळायला महिना लागला तर लागू दे. आणि महिना तरी का? कॉलेजात मराठीच्या एखाद्या सरांना नाहीतर बाईंना गाठ, छापून नेऊन हातात दे, समोर बसू नकोस.

प्रश्न : ऑगस्टमध्ये लेख पाठवला, अजून पोच नाही. आठवण करू का? दरम्यान दुसरीकडे दिला तर चालेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संपादकांना दिवाळी अंकाशिवाय काही दिसत नाही; ऑनलाइनवाल्यांनाही. दिवाळी होऊ द्या, मग दोन ओळींचा मेल करा : लेखाचं नाव, कधी पाठवला, अजून विचारात आहे का. फोन नको, आणि रात्री व्हॉट्सॲपवर ‘वाचलंत का?’ तर मुळीच नको. त्यानंतरही शांतता असेल तर ‘लेख मागे घेत आहे’ असं कळवा आणि मग खुशाल दुसरीकडे द्या. न कळवता दोन्हीकडे देऊ नका. दोन्हीकडे एकाच आठवड्यात छापून आलेले लेख मी पाहिलेत, आणि संपादक मंडळी एकमेकांशी बोलतात.

प्रश्न : माझं सगळं लेखन जुन्या श्रीलिपीत आहे. पीडीएफ करून पाठवलं तर संपादक चिडतात. का बरं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कारण पीडीएफवर काम करता येत नाही, आणि त्यातून मजकूर उचलला की जुन्या फाँटमधली अक्षरं रोमन चिन्हांचा काला होऊन बाहेर पडतात. युनिकोडमध्ये बदलून द्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण बदलल्यावर एकदा स्वतः वाचाच. ‘ऱ्या’, ‘ॲ’, रफार आणि जोडाक्षरं इथे हमखास घोटाळे होतात, आणि ते निस्तरताना संपादकाचा जीव इतका जातो की लेखाबद्दल बोलायला त्राण उरत नाही. वर्ड फाइल किंवा गूगल डॉक पाठवा, डॉक असेल तर कमेंट करायची परवानगी चालू ठेवा. ‘ॲक्सेस मागा’ असा दरवाजा लावलेल्या लिंका फार येतात. आणि फाइलला तुमचं आणि लेखाचं नाव द्या. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ आणि ‘शेवटचं फायनल 2’ माझ्याकडे भरपूर आहेत.